सॉर्टरची नात

गेल्या महिन्यात लेकीचा रक्ताचा रिपोर्ट आला. तिने पुण्याहून मोबाइलवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आई, एएस म्हणजे काय गं? मी आजारी आहे का?"

आता तेहतीस वर्षं चंद्रपूरच्या शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला हा प्रश्न सोपा वाटायला हवा. आनुवंशिकतेचा धडा मी झोपेतही शिकवू शकेन. पण तो फोटो बघून मी पाच मिनिटं नुसती खुर्चीत बसून राहिले. मग फोन केला आणि म्हटलं, "आजारी नाहीस. तू सिकलसेलची वाहक आहेस. एक जनुक नेहमीचं, एक सिकलचं. तुला काही होत नाही."

"मग तुझा आवाज असा का येतोय?"

त्याचं उत्तर फोनवर देता आलं नाही. म्हणून हे इथे लिहितेय. तिची परवानगी घेतली आहे. (घरातल्या काहींची घेतलेली नाही. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.)

माझा एक आतेभाऊ होता. माझ्याहून वर्षभराने मोठा. दिवाळीला, उन्हाळ्यात आम्ही सगळी पोरं एकत्र असायचो, पण तो धावायच्या खेळात कधी नसायचा. त्याचे डोळे पिवळसर असत. थंडी पडली, पावसात भिजला, की हातपाय धरून रात्र रात्र कण्हत बसे. आत्या कोमट तेल चोळत म्हणायची, "काय करू वो बाई, हाडं फोडल्यासारखे दुखते म्हणते पोरगं." कुणी वात म्हणायचं, कुणी कावीळ म्हणायचं, कुणी बाहेरचं काही म्हणायचं. जडीबुटी झाली, इंजेक्शनं झाली. शेवटी नागपूरला नेल्यावर सिकलसेल हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला. १९८४ च्या हिवाळ्यात तो गेला. एकोणीस वर्षांचा होता.

त्यानंतर तो शब्द घरात कुणी उच्चारला नाही. आत्याच्या बाकीच्या मुलांची लग्नं व्हायची होती ना.

परवा लेकीच्या रिपोर्टची बातमी घरात फिरली (कशी फिरली ते विचारू नका) आणि एका जवळच्या नातेवाईक बाईंचा फोन आला. "अगं, कशाला दाखवते त्या मुलाकडच्यांना? एएस म्हणजे काही आजार नाही असं तूच म्हणते ना? मग झाकून ठेव." चाळीस वर्षं झाली, वाक्य तेच.

तर आता माझ्या बाबांबद्दल सांगते. विषय बदलला असं वाटेल, पण थोडा धीर धरा.

बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टर होते. बल्लारशाला. चालत्या गाडीत टपालाचा डबा असायचा. त्यात भिंतीला चौकोनी खणांची मांडणी, प्रत्येक खणावर गावाचं किंवा लाइनीचं नाव. डबा हलतोय, दिवा मिणमिणतोय आणि बाबा उभ्या उभ्या पत्रावर एक नजर टाकून ते खणात टाकताहेत. नंतर खण रिकामे करून थैले बांधायचे, सील करायचे आणि त्या त्या स्टेशनावर उतरवायचे. घरी आल्यावरही हात स्वस्थ नसत. भाजीची टोपली आली की टोमॅटो एकीकडे, मिरच्या एकीकडे. :)

ते म्हणायचे, "पत्रात काय लिहिलं आहे हे सॉर्टरला माहीत नसतं. त्याने फक्त पत्ता पाहाचा."

पेशी शिकवताना मला हे वाक्य फार उपयोगी पडलं. पेशीत प्रथिनं तयार होतात. काही आतच राहायची असतात, काही आवरणात बसायची असतात, काही लयकारिकांत जायची, काही पेशीबाहेर. पाठवायचं कुठे हे कळतं कसं? १९७१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गुंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी कल्पना मांडली की प्रथिनाच्या सुरुवातीच्या तुकड्यातच त्याचा पत्ता असावा. गंमत बघा, आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला! श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. आमच्या चंद्रपूरचा ४४२४०१. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंग जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. पेशीतही असाच टप्प्याटप्प्याने पत्ता वाचला जातो. सुरुवातीचा तुकडा वाचून प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत ओढलं जातं, तिथे त्याची घडी नीट बसते, तिथून गॉल्गी संकुलात छाटणी आणि शिक्कामोर्तब, मग छोट्या पिशव्यांत भरून आपापल्या ठिकाणी रवानगी. ब्लोबेलना १९९९ चं नोबेल मिळालं. पिशव्यांची वाहतूक कशी चालते हे शोधणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना २०१३ चं. शेकमन यांनी तर बिघडलेले यीस्ट शोधून काढले होते. त्यांच्यात पिशव्या तयार व्हायच्या पण पोचायच्या नाहीत, आतच ढीग साचायचा. बाबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, संपाच्या वेळी आमच्याकडे असंच व्हायचं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या शरीरातल्या एका पेशीत हे पोस्ट ऑफिस नसतंच. ती म्हणजे लाल रक्तपेशी. तयार होताना ती केंद्रक बाहेर टाकते. आंतर्द्रव्यजालिका जाते, गॉल्गी जातं, तंतुकणिका जातात. उरते हिमोग्लोबिनने गच्च भरलेली एक पिशवी. सुमारे १२० दिवस प्राणवायूची हमाली करायची आणि संपायचं. नवीन काही बनवायचं नाही, कुठे काही पाठवायचं नाही.

अशा पेशीत मलेरियाचा जंतू शिरतो. आमच्या भागातला जास्त घातक, फाल्सिपेरम. सुरक्षित जागा आहे, खायला हिमोग्लोबिन आहे, पण त्याची एक अडचण आहे. जुनाट किंवा बिघडलेल्या रक्तपेशी प्लीहेत गाळल्या जातात आणि नष्ट होतात. आत जंतू असलेली पेशी कडक होते, ती प्लीहेत सापडणार. ते टाळायचं तर रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलं पाहिजे आणि त्यासाठी पेशीच्या बाहेरच्या बाजूला चिकट प्रथिनं लावली पाहिजेत. जंतू तर आत, स्वतःच्या आवरणात, त्यावर आणखी एका रिक्तिकेच्या आवरणात. आणि बाहेरच्या पेशीत ना पोस्टमन, ना रस्ता!

मग तो पठ्ठ्या काय करतो? स्वतःचं पोस्ट खातंच उभारतो.

हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः "अरे बापरे" म्हणाले होते. जंतू शेकडो प्रथिनं बाहेर पाठवतो. त्यांतल्या अनेकांवर पाच अमिनो आम्लांचा एक ठरावीक पत्ता असतो. तो २००४ साली दोन गटांनी एकाच वेळी शोधला. रिक्तिकेच्या आवरणात एक यंत्र बसवलेलं असतं, २००९ मध्ये सापडलेलं. ते प्रथिनाची घडी उलगडून, सुईत दोरा ओवावा तसं त्याला पलीकडे ढकलतं. रक्तपेशीत गेल्यावर मध्ये सॉर्टिंगचे ठाणे असतात, चपट्या पिशव्यांसारखे. त्यांना माउरर्स क्लेफ्ट्स म्हणतात. गेऑर्ग माउरर या जर्मन डॉक्टरांनी १९०२ साली ते ठिपक्यांच्या रूपात पाहिले होते. हे ठिपके कशासाठी आहेत हे कळायला बरीच दशकं गेली.

आणि रस्ते? रक्तपेशीच्या आवरणाखाली ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे आखूड तुकडे असतात. पेशीला लवचीक आकार देणारा तो सांगाडा. जंतू त्यातलं ॲक्टिन काढून घेतो आणि त्याचे लांब, फांद्या असलेले धागे बांधतो. माउररच्या ठाण्यांपासून थेट पेशीच्या कडेपर्यंत. त्या धाग्यांच्या आधाराने पिशव्या कडेला पोचतात आणि तिथल्या बारीक उंचवट्यांवर ते चिकट प्रथिन लागतं. त्याचं नाव पीएफ-ईएमपी-वन. (त्याच्यावर मात्र तो नेहमीचा पाच अक्षरी पत्ता नसतो. प्रत्येक खात्यात असा एखादा स्पेशल थैला असतोच.) या प्रथिनाचे सुमारे ६० नमुने जंतूच्या जनुकांत असतात. एका वेळी तो एकच वापरतो, शरीराने ओळखला की दुसरा. चिकटलेल्या पेशी मेंदूच्या बारीक वाहिन्यांत साचल्या की मेंदूचा मलेरिया. मूल तापाने फणफणतं, झटके येतात, बेशुद्ध होतं. गडचिरोलीत ज्यांनी पावसाळे काढलेत त्यांना हे सांगायला नको.

आता लेकीच्या रिपोर्टाकडे येऊ.

सिकलसेल म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहावं बदललेलं असतं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. डीएनएत एका अक्षराची चूक. दोन्ही जनुकं सिकलची असली, म्हणजे एसएस, तर प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून कांड्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते. माझ्या आतेभावाची हाडं दुखायची ती यामुळे. एएस म्हणजे एकच जनुक सिकलचं. रोजच्या जगण्यात त्रास नाही.

१९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं की एएस लोकांना मलेरियापासून संरक्षण मिळतं. आफ्रिकेतल्या मुलांच्या नंतरच्या अभ्यासांत जिवावर बेतणाऱ्या मलेरियाचा धोका एएस मुलांत साधारण ९० टक्क्यांपर्यंत कमी दिसला. का, याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत आणि अजून शोध चालू आहे. पण एक कारण मला थेट बाबांच्या खात्यातलं वाटलं. २००८ मध्ये दिसलं की एएस पेशींत वाढणाऱ्या जंतूचं चिकट प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर कमी पोचतं, पेशी नीट चिकटत नाही. २०११ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने बुर्किना फासोतल्या सहकाऱ्यांबरोबर अशा पेशींच्या आत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिलं. सिकलच्या हिमोग्लोबिनच्या पेशींत ते ॲक्टिनचे रस्ते बांधलेच गेले नव्हते. तुटके, आखूड, ठाण्यांशी न जोडलेले. त्यांच्या मते या हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण झालेले अंश ॲक्टिनची जोडणी बिघडवतात.

म्हणजे थैले भरलेले आहेत, पत्ते बरोबर आहेत, आणि रस्ता नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचं होतं तसं.

हे मी लेकीला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे माझ्या रक्तात गडचिरोलीचे रस्ते आहेत!"

खूप हसलो दोघी. त्या रिपोर्टानंतर पहिल्यांदाच.

आम्ही मग घरातल्यांच्या तपासण्या केल्या. लेकीचे वडील एए. मी एएस. माझी आई ऐंशीच्या घरात आहे, तिचंही रक्त दिलं, एए. म्हणजे माझ्याकडे हे आलं ते बाबांकडूनच. बाबा २०११ मध्ये गेले. त्यांना हे कधी कळलं नाही.

बाबांचं गाव आलापल्लीच्या जंगलाला लागून. तेव्हा सगळा चांदा जिल्हाच होता, गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. आजीला पाच मुलं झाली. तीन लहानपणीच तापाने गेली. वाचले दोघं, बाबा आणि आत्या. आणि आत्या एएस होती हे नक्की, कारण तिचा मुलगा एसएस होता. वाचलेली दोघंही वाहक! हे कागदावर मांडलं तेव्हा अंगावर काटा आला.

पण मी विज्ञानाची शिक्षिका आहे. एका घरावरून सिद्धांत मांडता येत नाही. गेलेल्या तिघांचं रक्त कुणी तपासलं नव्हतं, त्यांचा ताप मलेरियाचाच होता हेही कुणी पाहिलं नव्हतं. बाबा नशिबानेही वाचले असतील. एवढंच म्हणता येतं की मलेरियाच्या मुलखात शेकडो पिढ्यांत अशी घरं जास्त टिकली, म्हणून हे अक्षर आज आपल्यात एवढं आहे. मध्य भारतात त्याची पहिली नोंद झाली ती १९५८ साली नागपुरातून, शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांकडून. १९८६ नंतर डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत पाहणी करून तिथेही हा आजार आहे हे दाखवलं. आदिवासींत आहे, दलितांत आहे, इतर समाजांतही आहे. कुणाच्या पापाचा, कुळाचा, नजरेचा इथे संबंध नाही.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर लेख छान गोड झाला असता. पण आतेभाऊ आठवतो. ज्या अक्षराने बाबांना कदाचित वाचवलं, त्याच अक्षराने, दोन्ही बाजूंनी आल्यावर, त्याला नेलं. फायदा एकाने घेतला, किंमत दुसऱ्याने दिली. आणि आज लेक पुण्यात एसीत बसून काम करते. तिच्या वाट्याला संरक्षणाची गरज उरली नाही, वाटणीचा धोका तेवढा उरला.

कारण परवा मंगळवारी त्या मुलाचाही रिपोर्ट आला. लेकीने त्याला काही न झाकता सांगितलं होतं आणि तो स्वतःहून तपासणीला गेला होता. एएस.

आता गणित तुम्हीही करू शकता. प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची. आधीचं मूल निरोगी झालं म्हणून पुढच्याची शक्यता बदलत नाही.

दोघं समुपदेशकांना भेटून आली. गरभारपणात अडीच-तीन महिन्यांच्या सुमाराला गर्भाची तपासणी करता येते, हे कळलं. आज एसएस मुलाचं जगणंही १९८४ सारखं राहिलेलं नाही. जन्मल्या जन्मल्या निदान होतं, लसी आहेत, पेनिसिलिन आहे, हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके पुष्कळ कमी होतात. मुलगा चांगला आहे. लेक म्हणते, "आई, आम्ही ठरवू." मी हो म्हटलं. मनातून घाबरलेली आहे, हेही लिहून टाकते. रात्री कधी कधी आत्याचा तेल चोळणारा हात दिसतो. पण निर्णय त्यांचा आहे आणि निदान तो माहिती असून होणार आहे. आत्याला तेवढंही मिळालं नाही. तिने आयुष्यभर स्वतःला दोष दिला. ती असती तर तिला ही रस्त्यांची गोष्ट सांगितली असती. कळली नसती कदाचित, पण तिचं काही चुकलं नव्हतं एवढं पोचलं असतं.

तर फोन करणाऱ्या नातेवाईक बाई, तुम्ही हे वाचताच म्हणून इथेच सांगते. रागावू नका. झाकून ठेवलेलं पत्र पोचत नाही, भलत्याच वेळी भलत्याच दारात उघडतं. आमच्या आत्याच्या दारात उघडलं होतं.

बाकी घरच्या मंडळींना एकच विनंती. बाबांच्या बाजूच्या सगळ्यांनी तपासणी करून घ्या, विशेषतः ज्या पोरापोरींची लग्नं व्हायची आहेत त्यांनी. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. सरकारी दवाखान्यात होते. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून गावोगावी शिबिरंही होताहेत. आणि एक. एएस आहोत म्हणून मलेरियाला घाबरायचं कारण नाही, असं कुणी समजू नका. ताप आला की रक्त तपासा, गोळ्या पूर्ण घ्या. एसएस माणसाला तर मलेरिया जास्तच धोक्याचा.

बाबांचा जुना कंदील आणि सील करायचा पितळी शिक्का अजून माळ्यावर आहे. लेकीला हवा आहे म्हणाली. पुढच्या वेळी पुण्याला जाताना घेऊन जाईन.

असो. फार लांबलं. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.